मालगाडीचे काळे इंजिन : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मालगाडीच्या वाफेच्या इंजिनांबद्दल काही विचारायचे असेल तर लिहा, असे मागच्या अंकात म्हटले होते. खानापूर, निपाणी, अथणी, कागवाड अशी सगळीकडून पत्रे आली. बहुतेक पत्रे ज्यांच्या घरात कुणी ना कुणी रेल्वेत होते अशांचीच. मी हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात बॉयलर शॉपला, म्हणजे वाफ तयार करणाऱ्या टाकीच्या दुरुस्ती विभागात होतो, आता टिळकवाडीत राहतो. त्यामुळे ही उत्तरे बॉयलरवाल्याच्या नजरेने दिलेली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

*आजोबा लोंढ्याला फायरमन होते. इंजिनाशेजारी उभे असलेला त्यांचा एक फोटो घरात आहे. केबिनवर 'वायजी' आणि पुढे चार आकडे दिसतात. हे इंजिन कुठले? वर्गातल्या मुलांना सांगायचे आहे. (एक शिक्षिका, खानापूर)*

बाई, मुलांना पहिली गोष्ट सांगा की आपल्या भागातून साखर, गूळ, लाकूड, कोळसा आणि खनिज ज्याने वर्षानुवर्षे ओढले ते हे इंजिन. गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. वाय म्हणजे मीटर गेज, एक मीटर रुंदीचे, आणि जी म्हणजे माल. तसेच वायपी हे मीटर गेजचे प्रवासी गाडीचे इंजिन, आणि डब्ल्यूजी हे ब्रॉड गेजचे, म्हणजे रुंद रुळांवरचे, मालगाडीचे.

आपली लोहमार्गाची कथा सदर्न मराठा रेल्वेपासून सुरू होते. ही कंपनी 1882 ची. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा करत हुबळीकडे जाणारी लाइन तिने मीटर गेजची टाकली. 1908 मध्ये मद्रास रेल्वेशी जोडून तिची मद्रास अँड सदर्न मराठा झाली. जुनी माणसे अजून 'एमएसएम' म्हणतात ती हीच. 1951 च्या एप्रिलमध्ये ती दक्षिण रेल्वेत गेली. वायजी इंजिने येऊ लागली ती साधारण याच काळात. त्याआधी मीटर गेजवर मालासाठी वायडी होती, आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतून आलेली 'मॅकआर्थर'ही होती. वायजी 1949 पासून 1972 पर्यंत बनत राहिली, हजाराहून जास्त बनली. सुरुवातीची परदेशातून आली. पुढे जमशेदपूरच्या टेल्कोने पुष्कळ बांधली आणि शेवटी चित्तरंजनच्या कारखान्यानेही.

फोटोत खाली बघा. पुढे एक लहान चाक, मग एकाच दांड्याने जोडलेली चार मोठी चाके आणि मागे पुन्हा एक लहान दिसेल. दोन्ही बाजू धरल्या तर दोन, आठ, दोन. ही जोडलेली आठ चाके म्हणजे मालइंजिनाचा जीव. वायजीचे हे चाक 4 फूट व्यासाचे, वायपीचे साडेचार फुटांचे. चाक लहान असले की एका फेऱ्यात अंतर कमी कापले जाते, पण ओढ वाढते. आणि आठ चाकांवर वजन वाटल्यामुळे दर आसावर साडेदहा टनच भार येतो, म्हणून हलक्या रुळांवरूनही ही इंजिने जात. बॉयलर मात्र दोघांचा एकच. वायजीचा बॉयलर वायपीला बसे आणि वायपीचा वायजीला. वर्कशॉपात मोठ्या दुरुस्तीला आलेल्या इंजिनाचा बॉयलर उतरवायचा, तयार असलेला दुसरा चढवायचा, हे आमचे रोजचे काम होते.

याचा तुमच्या फोटोशी संबंध आहे. केबिनवरचा आकडा हा इंजिनाचा. पण आतल्या प्रत्येक मोठ्या भागावर पंच मारून वेगळा आकडा घातलेला असे. जोडदांड्यावर, कनेक्टिंग रॉडवर, बॉयलरच्या कड्यावर. जतन केलेल्या एखाद्या इंजिनाजवळ मुलांना नेलेत तर दांड्यावरचे ग्रीस चिंधीने पुसा आणि तिरप्या उजेडात बघा. तिथे केबिनवरच्यापेक्षा वेगळा आकडा निघाला तर त्यात बनावट काही नाही. त्या आकड्याच्या इंजिनाचा दांडा कधीतरी दुरुस्तीत याला लागला, एवढेच. इंजिनाची खरी हकिकत अशीच, अनेक इंजिनांची मिळून असते.

एक गोष्ट मला मनापासून आवडते, तीही मुलांना सांगा. चित्तरंजनहून नेहमीच्या वापरासाठी निघालेले ब्रॉड गेजचे शेवटचे वाफेचे इंजिन 1970 चे, 'अंतिम सितारा' नावाचे, डब्ल्यूजी वर्गाचे. मीटर गेजचे शेवटचे 1972 चे, वायजी. म्हणजे दोन्ही गेजवर शेवटचा मान मालगाडीच्या इंजिनाला मिळाला. मेल एक्स्प्रेसच्या इंजिनांचे फोटो पुस्तकांत छापून आले, पण शेवटपर्यंत गरज कुणाची होती ते यावरून दिसते.

*कॅसलरॉकच्या घाटात मालगाडीला मागूनही इंजिन लावत असे वडील सांगायचे. ओढायला पुढे इंजिन असताना मागून कशाला? (निपाणी)*

कॅसलरॉक ते कुळे हा ब्रागांझा घाट. सुमारे 25 किलोमीटरचा, आणि चढ 37 फुटांना 1 फूट. डोंगरातल्या रस्त्यावर मोटारीला हे काहीच नाही, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर असताना हा भयंकर चढ आहे. वाफेची ताकद कमी पडण्याआधी चाकाची पकड सुटते. चाक जागच्या जागी गरगर फिरते, गाडी हलत नाही. सगळी ताकद पुढेच लावली तर आणखी एक धोका. मधल्या डब्यांना जोडणाऱ्या कपलिंगवर ताण येतो, कपलिंग तुटले की मागचा भाग उतारावर सुटतो. मागून इंजिन लावले की पकड दोन ठिकाणी वाटली जाते, आणि कपलिंग तुटलेच तरी डबे पळत सुटत नाहीत. या मागच्या इंजिनाला बँकर म्हणत. पुढचा आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना दिसत नसत, शिटीच्या खुणांवर दोघांचे काम चाले.

पण आपल्या घाटाचे वैशिष्ट्य असे की भरलेला माल बहुतेक खाली जायचा आणि रिकामे डबे वर यायचे. संडूरकडचे मँगनीज, होस्पेटकडचे खनिज मुरगावच्या बंदराला जायचे. तेव्हा खरी परीक्षा ओढण्याची नव्हती, थांबवण्याची होती. व्हॅक्यूम ब्रेक लावत लावत गाडी उतरवायची, ब्रेकचे ठोकळे तापून लाल होतात, तापलेला ठोकळा धरत नाही. करंझोळ, दूधसागर, सोनावळी या वाटेतल्या छोट्या स्थानकांवर थांबून चाके निवू द्यायची. माझे वडील या भागात फायरमन होते. पावसाळ्यात रुळावर पाने कुजून साबणासारखे बुळबुळीत होते, असे ते सांगत. त्यावर उपाय म्हणजे वाळू. इंजिनावर वाळूची पेटी असते, तिथून नळीने चाकापुढे वाळू सोडायची. वाळू ओली असेल तर नळीत अडकते, म्हणून शेडमध्ये वाळू भाजून कोरडी करायची भट्टी असे. पावसाळ्यात त्या भट्टीवर बसलेल्या खलाशाच्या, म्हणजे शेडमधल्या मदतनिसाच्या हातात अख्ख्या घाटाची सुरक्षा असायची. त्याचे नाव कुठल्या कागदावर सापडत नाही.

या लाइनीचा इतिहासही मोठा आहे. 1878 चा इंग्रज-पोर्तुगीज करार झाला, त्यातून गोव्याच्या बाजूची लाइन आली, 1888 पर्यंत ती पुरी झाली. 1902 पासून सदर्न मराठा कंपनी ती चालवू लागली. कॅसलरॉक हे सरहद्दीचे आणि जकातीचे ठाणे होते. 1955 मध्ये गोव्याची नाकेबंदी झाली आणि गाड्यांची ये-जा बंद पडली. गोवा मुक्त झाल्यावर डिसेंबर 1961 नंतर ही वाट पुन्हा मोकळी झाली. आपल्या भागातल्या कितीतरी रेल्वे कुटुंबांच्या नोकरीच्या जागा या मधल्या वर्षांत बदलल्या. ही माहिती घरोघरी आहे, लिहिलेली मात्र नाही.

*आमच्या ओळखीच्या एका संस्थेच्या आवारात मीटर गेजचे जुने मालइंजिन उघड्यावर उभे आहे. आम्ही उद्यमबागेतले काही कारखानदार वर्गणी काढून त्याला नवा रंग देणार आहोत. कुठला रंग घ्यावा, आणि आणखी काय करावे? (बेळगाव)*

तुमच्या पत्राने फार आनंद झाला. इंजिनाला सगळ्यात जास्त गरज ज्यांची असते ती माणसे उद्यमबागेतच आहेत. तरीही विनंती करतो की रंगाचा डबा अजून उघडू नका. रंग हे शेवटचे काम. त्याआधी पाणी अडवायचे, आणि पाण्याआधी कागदपत्र तयार करायचे. या क्रमात बदल केलात तर दोन पावसाळ्यांत रंगाखालून गंज फुगून वर येईल आणि वर्गणी वाया जाईल.

कागदपत्र म्हणजे काय? काम सुरू करण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा. प्रत्येक पितळी पट्टी, प्रत्येक पंच केलेला आकडा वहीत उतरवून ठेवा. ज्या जागी काही गायब आहे तिथले रिकामे भोकसुद्धा नोंदवा. उद्या कुणी शिटी किंवा ऑइल कप आणून दिला तर तो कुठे बसतो ते त्या भोकावरून कळेल.

मग धुराड्याची पेटी. इंजिनाच्या अगदी पुढे, गोल दाराच्या आत ही पेटी असते, इंग्रजीत स्मोकबॉक्स. बॉयलरच्या नळ्यांतून उडालेली राख आणि अर्धवट जळलेला कोळसा तिच्या तळाशी साठतो. इंजिन बंद करून ठेवले त्या दिवशी कुणी ती साफ केली नसेल, तर ती राख अजून तिथेच आहे. कोळशात गंधक असते. वरून धुराड्यातून पाऊस आत जातो, राखेत मुरतो आणि सौम्य गंधकाम्ल तयार होते. ते वर्षानुवर्षे तळाच्या पत्र्यावर बसून राहते. दार उघडा, राख खरवडून काढा, मग तळाच्या पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. चांगला पत्रा टणक लागतो, खाल्लेला पापडासारखा मोडतो. बाहेरून रंग दिलेली, तुकतुकीत दिसणारी इंजिने आतून अशी पोकळ झालेली मी पाहिली आहेत. राख काढून पेटी कोरडी करा, धुराड्यावर पत्र्याची टोपी बसवा. टोपी घट्ट नको, खालून वारा खेळला पाहिजे.

पुढे बॉयलर. त्यात पाणी साठून राहिले असेल तर ते आधी काढा. खालच्या बाजूला धुण्याची बुचे असतात, ती काढून ठेवा आणि तोंडावर बारीक जाळी लावा म्हणजे उंदीर आणि गांधीलमाश्या शिरणार नाहीत. बंद बॉयलरात हवेतली वाफ थंड होऊन थेंब धरते, म्हणून हवा खेळती ठेवावी किंवा ओल शोषणारे सिलिका जेल आत ठेवून पूर्ण बंद करावा. या दोहोंपैकी एकच करा. पुढे लिहितो त्या अॅस्बेस्टॉसची परीक्षा होईपर्यंत वरचा पत्रा मात्र उघडू नका. इंजिनामागे जोडलेल्या टेंडरमध्ये कोळसा आणि पाणी दोन्हींची जागा असते, तिथे पावसाचे पाणी साठते. टाकीच्या तळाचा कॉक मोकळा ठेवा आणि कोळशाच्या जागी साठलेले काढून टाका.

आता एक इशारा, आणि हे वाचून लगेच कुणाला तरी सांगा. बॉयलरच्या वर दिसतो तो गुळगुळीत पत्रा म्हणजे फक्त वरचे आवरण आहे. त्याच्या आत उष्णता राखण्यासाठी लेप किंवा गाद्या असत, आणि जुन्या इंजिनांत ते पुष्कळदा अॅस्बेस्टॉसचे असे. ते हाताने खरवडू नका, फुंकू नका, झाडूने झाडू नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षांनंतर त्रास देते. आधी नमुना तपासून घ्या आणि काढायचे असेल तर त्या कामाचे जाणकार बोलवा. जुन्या रंगातही शिसे असू शकते. कोरडे सँडपेपर मारू नका, ओल्या पद्धतीने घासा, तोंडाला चांगला मास्क लावा. वर्गणी काढताना या दोन खर्चांसाठी बाजूला पैसे ठेवा. कारण या कामात लहान मुले आणि स्वयंसेवक हौसेने येतात, आणि पहिला त्रास त्यांनाच होईल.

बेळगावचा पाऊस सरळ पडत नाही. जुलैत तो तिरका येतो, म्हणून नुसते छप्पर पुरत नाही. छपराची पडवी दोन्ही बाजूंनी भरपूर बाहेर घ्या. इंजिन मातीवर उभे असेल तर ते रुळाच्या तुकड्यावर, खडीवर घ्या, आणि पाणी वाहून जाईल असा उतार ठेवा. वर्षातून एक-दोनदा इंजिन थोडे पुढे-मागे ढकलून चाके थोडी फिरवा, म्हणजे बेअरिंगवर सतत एकाच जागी भार राहणार नाही. हे काम क्रेनवाल्याशिवाय करू नका.

मग चोरी. पितळेच्या वस्तू सगळ्यात आधी जातात. बॉयलरातली पाण्याची पातळी दाखवणारी काच आणि तिचे कॉक, ऑइल कप, शिटी, नावाच्या पट्ट्या. खऱ्या वस्तू काढून कुलपात ठेवा आणि बाहेर त्यांच्या प्रती बसवा. इथे उद्यमबागेचा उपयोग आहे. पॅटर्न मेकरकडून लाकडी पॅटर्न करून घेतले की लोखंडी किंवा अॅल्युमिनियमची ओतीव प्रत सहज होते. ब्रेकचा ठोकळा, शेगडीचे दांडे, हेही तुमच्याकडे ओतता येतात. प्रतीवर आतल्या बाजूला वर्ष कोरून ठेवा, म्हणजे पन्नास वर्षांनी ती खरी समजली जाणार नाही.

शेवटी रंग. मालइंजिन काळेच असावे. लाल चाके, सोनेरी पट्टे, निळे दार हे सगळे मी पाहिले आहे, आणि ज्याने हौसेने केले त्याचे मन मोडायचे नाही, पण त्या काळ्या रंगातच त्या इंजिनाचे काम दिसते. दांडे आणि पिस्टन रॉड यांना कधीच रंग देऊ नका. ते चकचकीत लोखंडाचे असत, रोज पुसले जात. त्यांना ग्रीस लावा. रंग देण्याआधी जुन्या रंगाचे थर एका कोपऱ्यात हातभर जागेत एकेक करून उघडा. कुठे मूळ अक्षरे सापडली तर त्यांचा फोटो काढा आणि तिथला रंग तसाच राहू द्या.

*ते इंजिन पुन्हा वाफेवर चालवता येईल का? आम्हाला चालताना बघायचे आहे. (गोकाक)*

इच्छा अगदी साहजिक आहे. पण बॉयलर ही खेळण्याची वस्तू नाही. वायजीचा दाब एका चौरस इंचावर 210 पौंडांचा असे. बॉयलरच्या आतली आगीची पेटी म्हणजे फायरबॉक्स, तिला चारी बाजूंनी पाण्याचा वेढा असतो, आणि आतला पत्रा व बाहेरचा पत्रा यांना शेकडो लोखंडी स्टे, म्हणजे आडव्या सळ्या, एकत्र धरून ठेवतात. या प्रत्येक स्टेची परीक्षा हातोडीने होते. आम्ही एका टोकाला हातोडी मारत पुढे जायचो. चांगला स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द वाजतो. कान तयार व्हायला वर्षे लागतात. स्टेच्या टोकात बारीक भोक पाडलेले असते, आतून तुटला तर त्या भोकातून वाफ शिटी वाजवत बाहेर येते आणि सांगते. छताच्या पत्र्यात शिशाचे बूच असते. पाण्याची पातळी खाली गेली तर शिसे वितळते आणि वाफ आगीवर पडते. ही सगळी सावधानता माणसांचा जीव गेल्यावर शिकलेली आहे.

चालू करायचे झाले तर आधी जाडीमापकाने प्रत्येक पत्रा मोजावा लागतो. हे अल्ट्रासॉनिक यंत्र आज सहज मिळते. मग नळ्या बदलायच्या, स्टे तपासायचे, आणि मग पाण्याची चाचणी. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून, हवा पूर्ण काढून, नेहमीच्या दाबाच्या साधारण दीडपट दाब द्यायचा. पाणी दाबले जात नाही, म्हणून काही फाटले तरी स्फोट होत नाही, फक्त गळते. त्यानंतरच वाफेची चाचणी. एवढे करूनही आपल्या भागात मीटर गेजची लाइन आता उरलेली नाही. 1992 पासून एकाच गेजचे धोरण आले आणि नव्वदच्या दशकात आपली लाइन ब्रॉड झाली. म्हणून माझा सल्ला वेगळा आहे. इंजिन जरा उचलून चाके रुळापासून सुटी करा आणि सिलिंडरमध्ये कमी दाबाची हवा सोडा. पिस्टन चालतात, दांडे फिरतात, चाके फिरतात. आग नाही, भीती नाही. मुलांना पिस्टन आणि चाकाचे नाते कळायला एवढे पुरते. पण हवा सोडण्याआधी पिस्टन, व्हॉल्व्ह आणि सगळ्या बेअरिंगांत तेल घालायला विसरू नका. आणि फेरा चालू असताना दांड्याजवळ कुणालाही उभे राहू देऊ नका.

*मालगाडीची इंजिने इतकी कमी का जपली? आणि बघायची तर कुठे? (अथणीहून एक विद्यार्थी)*

सोपे आहे. इंजिन निवृत्त झाले की ते टनावर विकले जाई. तांबे-पितळ आधी निघे, मग गॅसकटर लागे. प्रवासी गाडीच्या इंजिनाला लोक ओळखत, त्याच्याबरोबर माणसांच्या आठवणी जोडलेल्या होत्या, म्हणून कुणीतरी शब्द टाकला. मालगाडीला टाटा करायला कुणी उभे राहत नाही.

तरी काही वाचली. हरयाणात रेवाडीला 1893 चे जुने लोको शेड आहे, तिथे दोन वायजी जपून ठेवल्या आहेत. 3415 चे नाव 'साहिब' आणि 4252 चे 'सिंध'. ब्रॉड गेजचे अमेरिकी मालइंजिन 'विराट' तिथेच आहे, 1943 चे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय 1977 चे. आपल्याला जवळचे म्हणजे म्हैसूरचे 1979 चे, आणि हुबळी स्थानकाजवळचे 2020 मध्ये उघडलेले. हुबळीचे संग्रहालय मलप्रभा आणि घटप्रभा अशी नावे असलेल्या दोन जुन्या दगडी घरांत आहे, बाहेर नॅरो गेजची इंजिने उभी आहेत. अथणीहून जाताना हुबळीचे वर्कशॉपही लक्षात ठेवा. ते 1885 पासूनचे आहे. मीटर गेजच्या इंजिनांची मोठी दुरुस्ती इथे होई.

*मिरजेला एकेकाळी तीन रुंदीचे रूळ होते असे सांगतात. मग माल एका गाडीतून दुसरीत कसा जायचा? (कागवाड)*

हाताने. मिरजेला आपली मीटर गेज होती, शिवाय बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी नॅरो गेज 1927 मध्ये तिथवर आली. या कंपनीची पहिली लाइन एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांनी 1897 मध्ये सुरू केली होती. 1971 मध्ये पुणे-मिरज ब्रॉड झाले, मग तिन्ही एकाच यार्डात. गुळाच्या ढेपा, पोती, लाकूड हमाल एका फलाटावरून दुसऱ्या फलाटाच्या डब्यात नेत. मालगाडीचा उशीर पुष्कळदा इंजिनापेक्षा या माल उतरवण्या-चढवण्याने व्हायचा. तुमच्याकडचे कुणी मिरज यार्डात हमाली केलेले असेल तर त्यांना विचारून ठेवा, एका डब्याला किती माणसे लागत.

*घरात आजोबांचा दिवा, नियमांचे जुने पुस्तक आणि हजेरीच्या काही पावत्या आहेत. रद्दीत टाकवत नाहीत, पण ठेवायच्या कशा? (लोंढा)*

दिवा ब्रासोने घासून लखलखीत करू नका. काजळी हाही पुरावाच आहे. कोरड्या कापडाने पुसा, आत रॉकेल उरले असेल तर काढून टाका. कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आपल्या दमट हवेत ते चिकटतात आणि बुरशी धरतात. साध्या कागदाच्या पाकिटात ठेवा, मध्ये टाचण्या नकोत, गंजून डाग पडतात. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, अक्षर पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने माणसांची नावे, ठिकाण आणि आठवेल ते साल लिहा. आजोबा कुठल्या शेडला, कुठल्या पदावर, कुणाच्या हाताखाली होते हे घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून आजच मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या.

या पावत्यांवर लोंढा-कॅसलरॉक भागातल्या कुणाची ड्युटी कुठल्या इंजिनावर होती हे लिहिलेले असेल तर मला त्याची झेरॉक्स हवी आहे. मूळ कागद घरीच राहू द्या, टपालाने पाठवू नका. पुढच्या अंकात ब्रेक आणि व्हॅक्यूमविषयी आलेल्या प्रश्नांना उत्तरे देईन.